गाठीवर ठेवलेला हात

एकदा एका जुन्याजाणत्या क्ष-किरणतज्ज्ञांकडे, डॉ. हर्डीकरांकडे, ऋजुता नावाची तरुण डॉक्टर शिकायला आली. बुद्धी तल्लख, कामाचा उरक दांडगा. मूत्रपिंडातल्या गाठींच्या स्कॅनचे संगणकाकरवी विश्लेषण करण्यात तिने विशेष गती मिळवली होती. गाठीची कड, तिचा पोत, शिरेतून दिलेले औषध ती कसे शोषते, हे सारे मोजून गाठ साधी की कर्करोगाची याचा अंदाज तो प्रोग्रॅम देई. आणि तो बहुधा खरा ठरे.

एके सकाळी इंदुबाई नावाच्या एका कासारणीचा स्कॅन आला. डाव्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या कडेला लिंबाएवढी गाठ होती. कर्करोगाचीच, असे संगणकाने सांगितले. ते मूत्रपिंडच काढून टाकावे, असा सर्जनांचा विचार चालला होता. ऋजुता समाधानाने गुरूंकडे गेली.

गुरूंनी सारे शांतपणे ऐकले. मग उठून त्यांनी पडद्यावरच्या गाठीवर आपला तळहात ठेवला.

"आता वाच."

"सर, गाठ तर तुमच्या हाताखाली झाकली गेली."

"राहू दे. उरलेलं वाच."

ऋजुता गोंधळली. "सर, तुमचा या प्रोग्रॅमवर विश्वास नाही का?"

"आहे. वाच तू."

तिने मनाविरुद्धच सुरुवात केली. यकृत ठीक. प्लीहा ठीक. मणके वयाप्रमाणे झिजलेले. मग नजर उजव्या मूत्रपिंडाकडे वळली आणि ती थबकली.

"सर, हे तर पार आक्रसलंय! औषधसुद्धा घेत नाहीये." क्षणभराने ती पुटपुटली, "पण रक्ताचे रिपोर्ट बरे होते..."

"डावं एकटंच दोघांचं काम ओढतंय, म्हणून बरे होते. तेच उद्या काढलं तर?"

ऋजुताचा चेहरा उतरला. इंदुबाईंना जन्मभर डायलिसिसवर राहावे लागले असते.

गुरू सौम्यपणे म्हणाले, "गाठ ओळखण्यात तू चुकली नाहीस, संगणकही चुकला नाही. त्याला आपण गाठीपुरतंच विचारलं, त्यानं गाठीपुरतंच सांगितलं. पण गाठ काय आहे हे कळल्यावर, ती कोणाच्या देहात आहे हे पाहणं उरतंच. ते आपलं काम. जा, सर्जनना फोन कर."

सर्जनांनी स्वतः येऊन चित्रे पुन्हा पाहिली. गाठ कडेला असल्याने तेवढीच काढता येण्याजोगी होती. शस्त्रक्रिया जपून झाली, मूत्रपिंड वाचले. काढलेली गाठ कर्करोगाचीच निघाली, पण ती समूळ निघाली होती.

काही दिवसांनी ऋजुता वॉर्डात गेली. ज्यांचे स्कॅन ती वाचत असे, त्यांना भेटायला ती आजवर कधी गेली नव्हती. इंदुबाई खाटेवर बसून पेज पीत होत्या.

"तुम्ही कोण वो, बाई?"

"मी तुमच्या पोटाचे फोटो पाहिले होते."

इंदुबाई हसल्या. "आगं बया! मग कशी दिसते मी आतनं?"

ऋजुताही हसली आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. "ते सांगते. आधी तुम्ही कशा आहात, ते सांगा."