चेअर लेनची रिकामी खुर्ची

हॅल्डरबी या इंग्रजी गिरणगावाच्या पूर्व मतदारसंघाची हद्द घरांच्या मागून सरळ येते आणि चेअर लेनपाशी मात्र वळून रस्त्यात उतरते. उत्तरेकडच्या घरांची एक ओळ शेजारच्या मतदारसंघात टाकून पुन्हा मागे जाते. "नकाशा काढणारा पिऊन आला होता का?" असं पाहुणे विचारतातच. मग इथे जन्म काढलेल्या शशीमावशी टिपणीस हे सांगतात.

गिरणी कामगारांना नुकतं मत मिळालं होतं तेव्हाची गोष्ट. त्या ओळीत एनक थॉर्नली नावाचा खुर्च्या करणारा सुतार राहायचा. समोरच धाकटा भाऊ सायलस. आई गेली तेव्हा सायलस परगावी संपाच्या सभेत होता, मातीलाही पोचला नाही. एनकने अबोला धरला. पुढे सायलसच कामगारांच्या बाजूने पार्लमेंटला उभा राहिला. भावाला मत द्यायचं एनकच्या जिवावर आलं आणि न द्यायचं त्याहून जिवावर आलं.

त्याच सुमारास हद्द आखायला सरकारी माणूस आला. जुना ओढा ही हद्द, पण तो कधीच बुजला होता. कुठून वाहायचा, असं त्याने एनकला विचारलं. ओढा ओळीच्या मागून जायचा. एनकने बोट दाखवलं ते समोरच्या रस्त्याकडे. आपण पलीकडच्या मतदारसंघात गेलो की सुटलो, एवढंच त्याच्या मनात होतं. आपल्याबरोबर अख्खी ओळ जाईल, हे त्या शहाण्याला सुचलंच नाही.

सायलस पडला. ओळीची मतं असती तर निवडून आला असता, असं सांगतात. कॅनडाला निघताना तो दारात आला.

"दादा, एक तुझं मत असतं ना, तर हरल्याचं काही वाटलं नसतं."

एनक खुर्चीचा पाय तासत राहिला. भाऊ गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून दर मतदानाला एनक स्वतः केलेली खुर्ची भावाच्या बंद दारापुढे मांडून दिवसभर बसायचा म्हणे. स्वतःचं मत त्याने पुन्हा कधी दिलं नाही. वाईट वाटतं हो, एका वाक्याचं तर काम होतं.

हद्दी पुढे कितीदा बदलल्या, मतदारसंघाची नावंही बदलली, ते वळण तेवढं राहिलं. आजही मतदानाच्या दिवशी ओळीतली एक खुर्ची रस्ता ओलांडून समोर रिकामी ठेवतात. घरच्या कुणाशी अबोला असेल त्यानेच ती न्यायची, असा रिवाज आहे. न्यायला माणूस आजवर कधी कमी पडलेला नाही.