मोरीचं पाणी

फार जुनी गोष्ट. माणदेशातल्या एका परसात मोरीला लागून लिंबोणी होती आणि लांब कुंपणाशी शेवगा. गोदाक्का भांडी घासायची, ते सगळं पाणी लिंबोणीच्या आळ्यात जायचं. शेवग्याकडे कुणी फिरकायचं नाही. बोलायला त्याला एक लिंबोणीच होती.

एका उन्हाळ्यात गोदाक्का लेकीच्या बाळंतपणाला गेली. मोरी कोरडी पडली.

"तू कसा जगतोस रे?" लिंबोणीनं विचारलं.

"खाली ओल आहे. मुळं खोल सोड."

"आता कशी सोडू? रोज दारात पाणी यायचं, मुळं वरच राहिली."

गोदाक्का परतली तेव्हा लिंबोणी वाळून गेली होती. तिनं मोरीचं पाणी शेवग्याकडे वळवलं. याच पाण्याची शेवग्यानं जन्मभर वाट पाहिली होती. ते आलं, पण आलं म्हणून सांगायला पलीकडे कुणी नव्हतं.