कासवाच्या विहिरीत पडलेला आवाज

बरोबर दुपारचे बारा वाजले होते. घड्याळ कुणाकडे होतं म्हणा! पण सावली पायाखाली शिरून बसली की बारा, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तर त्या दिवशी सगळ्यांच्या सावल्या पायाखाली शिरल्या आणि त्याच घटकेला खारवली गावात एका पोरीचा आवाज विहिरीत पडला.

हसू नका रे. बादली पडते, कळशी पडते, मग आवाज पडायला काय झालं? ऐका तर खरं.

खारवली म्हणजे खाडीकाठचं गाव. राजा तिथून फार लांब राहायचा आणि राणी त्याच्याहूनही लांब, म्हणून ही गोष्ट राजाराणीची नाही. ही गोष्ट आनशीची. आनशीचा नवरा गलबतावर असायचा. घरात ती आणि तिची लेक शेवू, दोघीच. आणि आनशीला, बरं का, पोरीचा भारी घोर लागायचा. पोर अंगणात गेली की ही घरातून ओरडायची, "पडशील!" पोर आंब्याखाली बसली की, "मुंगळा चावेल!" पोर झोपली की ही नाकापुढे बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. देवीपुढे दिवा लावायची, तोही घाईत. एक डोळा देवीकडे, दुसरा चुलीवरच्या दुधाकडे. "गावदेवी माते, माझ्या शेवूला सांभाळ. अगं बाई, दूध उतू चाललं, येते हं मी!"

गावात पायऱ्यांची एक विहीर होती. अगदी खालच्या पायरीवर दगडाचं कासव. पाणी भरायला येणारी प्रत्येक बाई त्याच्या पाठीला हात लावायची आणि तो हात कपाळाला लावायची. शेवूला त्या विहिरीत हाक मारायला फार आवडायचं. ती म्हणायची, "कू!" विहीर म्हणायची, "कूऽऽ."

त्या दुपारी शेवू पायरीवर ओणवी झाली. "कू" म्हणायला तिनं तोंड उघडलं. आणि वरून आनशी जिवाच्या आकांतानं ओरडली, "शेवेऽऽ, पडशीऽऽल!"

पोर दचकली. पडली नाही हं, पाय घट्ट होते तिचे. पण ओठांवरचा "कू" सुटला आणि गेला खाली. डुबुक! पाण्यावर एक गोल उठला, मोठा झाला, विरून गेला. विहिरीनं उत्तर दिलं नाही. शेवूनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आवाजच नाही!

मग काय विचारता. आनशीनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. वैद्यानं मध चाटवला. शेजारणीनं वेखंड उगाळून दिलं. काही म्हणता काही नाही. शेवू हसायची ते मुकं, रडायची तेही मुकं. पाणी हवं असलं की तांब्या वाजवायची. घर कसं ओसाड झालं. रोज शंभरदा "आई गं, आई गं" ऐकून कंटाळणारी आनशी आता त्या एका "आई"साठी झुरायला लागली.

शेवटी ती विहिरीवर गेली आणि कासवाच्या पाठीवर डोकं टेकून रडली. रडली, रडली. तेवढ्यात कासवानं एक डोळा उघडला.

"पुरे कर बाई," कासव म्हणालं. "खाऱ्या पाण्यानं पाठ खाजते माझी. आणि मला हात नाहीत पोचायला."

आनशी दोन पायऱ्या मागे सरली. मग धीर करून म्हणाली, "कासवदादा, माझ्या लेकीचा आवाज पाहिलास का रे?"

"माझ्या पोटाखाली दडलाय. भ्यालाय बिचारा."

"मग पाठव ना वर!"

"कसा पाठवू? तुला वाटतं विहीर रिकामी आहे. अगं, तू इतकी वर्षं मारलेल्या हाका इथंच घोंघावतायत. पडशील, बुडशील, चावेल, लागेल. नुसता कालवा! त्यातून एवढासा 'कू' वर येणार कसा? तू इथं येऊन गप्प बस. आतून गप्प. मग येईल तो."

"बसते की. कधीपर्यंत बसू?"

"चैत्र आहे. पाणी उतरतंय. माझी पायरी कोरडी झाली की खालचा झरा उघडा पडेल, आणि तो झरा जातो समुद्राला. आवाज एकदा समुद्रात गेला की तो लाटांचा झाला, शेवूचा नाही."

आनशी तिथंच बसली. तोंड मिटलं, डोळे मिटले. पण मनात? शेवू कुठं असेल, चूल विझवली का, दाराला कडी घातली का, पाणी किती उतरलं...

"ऐकू येतंय हो मला," कासव म्हणालं.

"मला नाही येत रे गप्प बसायला!"

"मग ज्यांना येतं त्यांना विचार. गावात काय तोटा आहे?" एवढं बोलून कासवानं डोळा मिटला. दगड तो दगड.

मग आनशीनं शेवूचं बोट धरलं आणि निघाली. पहिल्यांदा गेली नावाड्यांच्या आळीत, हलिमा खालाकडे. दुपार कलली होती. खाला परसात पाटावर बसून हातपाय धूत होती. आधी मनगटं, मग चूळ, मग नाक, मग तोंड, मग कोपरापर्यंत हात. ओला हात डोक्यावरून फिरवला आणि शेवटी पाय. अगदी निवांत, जसं काही तान्हुल्या बाळाला न्हाऊ घालतेय. आनशीनं आल्या आल्या सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली. खाला आत गेली, चटई अंथरली, उभी राहिली. आनशी बोलतेच आहे! खाला वाकली, खालानं कपाळ टेकलं, तरी ही बोलतेच आहे. उत्तर येत नाही म्हणून ही फिरून तिच्या पुढ्यात जायला निघाली, तसं शेवूनं तिला पदर धरून मागे ओढलं. पोरीला कळलं, बरं का, आईला नाही.

नमाज झाली. खालानं दोन्ही हात पसरून दुआ मागितली आणि मग वळून हसली. "अगो आनशे, नमाज पढणाऱ्याच्या पुढनं जाऊ नये. तुझी लेक शहाणी आहे."

"खाला, तुम्हाला माझं बोलणं ऐकू आलं नाही?"

"आलं की. पण मी दुसऱ्या कुणापुढे उभी होते." मग तिनं आनशीच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं. "बघ, माझा मुलगाही दर्यावर आहे. घोर मलाही आहे. दिवसातनं पाच वेळा मी पाणी घेते आणि पायावरनं पाणी खाली गेलं की त्याच्या संगती घोर खाली सोडते. परत येतो तो, मेला! मग मी परत पाणी घेते."

आनशीला ते फार आवडलं. परत येतो, मग परत धुवायचा. एवढ्या मोठ्या खालाचंही तसंच होतं म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी होता शनिवार. आनशी गेली मिलकाबाई तेलिणीकडे. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. त्या लोकांना गावात शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. आनशीला हे ठाऊक होतं, पण घोरात माणसाला काय आठवतं? घाणा उभा दिसला, बैल मोकळा दिसला. तिला वाटलं, बाईचं काम खोळंबलंय, आपण हातभार लावू, मग शिकवेल मनापासून. म्हणून तिनं बैलाला धरून घाण्यापाशी आणलं. बैलानं तिच्याकडे पाहिलं, घाण्याकडे पाहिलं आणि पाय दुमडून खाली बसला. ही ओढतेय, तो रवंथ करतोय. शेवू पोट धरधरून मुकी हसतेय.

मिलकाबाई नऊवारीचा पदर सावरत ओटीवर आली. "अगं बये! माझ्या बैलाला शनिवार कळतो आणि तुला कळत नाही?"

आनशी ओशाळली. मिलकाबाईनं तिला ओटीवर जवळ बसवलं. "काल दिवस मावळायच्या आधी मी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरले आणि देवाला म्हटलं, आता जग तुझ्या हातात. आज मी ते परत मागून घेत नाही."

"पण काम राहतं ना, मिलकाबाई!"

"राहतं. सहा दिवस वाटतं, मी घाणा फिरवते म्हणून गाव चालतं. सातव्या दिवशी बघते तर गाव चालतंच असतं. बरं वाटतं गं. थोडा राग येतो, पण बरं वाटतं."

आनशी दिवसभर तिच्याबरोबर बसून राहिली. आदल्या दिवशी करून ठेवलेलं गार जेवली. कुणी काही उचलत नव्हतं, कुणी कुठं पळत नव्हतं. आकाशात चांदण्या दिसल्या तेव्हा आनशीला आठवलं, आज दुपारभर आपण शेवूला एकदाही ओरडलो नाही. आणि शेवू कुठंही पडली नव्हती.

मग तिसऱ्या दिवशी ती गेली पेठेत, झवेरबाकडे. झवेरबा जैन. केस कापसासारखे, अंग चिमणीएवढं. लोकरीच्या आसनावर बसलेली, तोंडापुढे कापडाची घडी, समोर वेळ मोजायची वाळूची कुपी. "वरची वाळू खाली जाईपर्यंत बसायचं," ती म्हणाली. "मुंगीलासुद्धा दुखवायचं नाही, मनातसुद्धा."

आनशी बसली. वाळू गळतेय, गळतेय, संपेचना. तिकडे विहिरीचं पाणी उतरत असेल! झवेरबाचे डोळे मिटलेले बघून आनशीनं हळूच वाळूची कुपी हलवली. लवकर गळावी म्हणून हो!

"हलवल्यानं वाळू पळत नाही, बेटा," झवेरबा डोळे न उघडता म्हणाली. "मन तेवढं गढूळ होतं." मग डोळे उघडून तिनं विचारलं, "बसण्याआधी माफी मागितलीस?"

"कुणाची?"

"ज्याला दुखवलं असेल त्याची. ते ओझं मांडीवर घेऊन कुणाला बसता येतं का?"

आनशीनं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं कुणाची ती.

आणि बघा हं, तिघींपैकी एकीनंही तिला म्हटलं नाही की तुझी देवी सोड नि माझ्या देवाकडे ये. उलट प्रत्येकीनं जाताना तिला सांगितलं, "तुझ्या गावदेवीला माझा नमस्कार सांग."

चौथ्या दिवशी बरोबर बारा वाजता आनशी विहिरीवर गेली. खाली बघते तर कासवाची पायरी जवळजवळ कोरडी. एक पातळसा ओलावा काय तो उरलेला. तिच्या तोंडात ओरडा आला. तिनं तो गिळला.

आधी तिनं हातपाय धुतले, निवांत. मग कळशी बाजूला ठेवली आणि डोळ्यांवर हात धरून पुटपुटली, "गावदेवी माते, आज दूध नाही चुलीवर. आज मी पुरती आलेय." मग शेवूला जवळ घेतलं. "बाय माझी, मी ओरडले, तू दचकलीस. चुकलं माझं." शेवूनं तिच्याकडे पाहिलं आणि परकराच्या टोकानं आईचं नाक पुसलं. झाली माफी.

मग आनशी बसली. घोर आला, तिनं तो पाण्यासारखा खाली सोडला. परत आला, परत सोडला. मग हळूहळू विहीर शांत झाली. इतकी शांत की भिंतीतलं पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं. पारव्याचा पंख ऐकू आला. आणि मग ऐकू आलं, शेवाळावरून ओला पाय सरकल्याचं, अगदी बारीक. सुर्र.

शेवू आपला आवाज शोधायला खाली उतरली होती!

पूर्वीची आनशी असती तर आधी ओरडली असती. पण आज तोंडाच्या आधी हात गेला. झपकन तिनं लेकीचं मनगट धरलं. घट्ट. शब्द नाही, हाक नाही. दोघी तशाच उभ्या. आणि त्या शांततेत कासवाच्या पोटाखालून एक बुडबुडा निघाला. वर आला, शेवूच्या तोंडापुढे फुटला. शेवूनं आ वासलेलाच होता.

"आई गं," शेवू म्हणाली, "हात दुखतोय ना!"

आनशी रडली की हसली, तिलाच ठाऊक. मग तिला आठवलं. "कासवदादा, मी तर मधेच उठले. माझा नेम मोडला!"

कासवानं डोळा उघडला. "मी गप्प बस म्हटलं होतं. हात बांधून बस, असं कधी म्हटलं? गप्प होतीस म्हणून तर पाय सरकलेला ऐकलास." मग पायरी कोरडी झाली, झरा खळखळत समुद्राकडे गेला आणि कासवाचा डोळा मिटला तो मिटलाच.

आनशीनं ओल्या नारळाच्या वड्या केल्या आणि घरोघर नेल्या. हलिमा खाला म्हणाली, "मिलकाच्या दिव्यानं झालं गो." मिलकाबाई म्हणाली, "छे, झवेरबाच्या बसण्यानं." झवेरबानं दिवस मावळायच्या आत वडी खाल्ली आणि म्हणाली, "तुझ्या देवीनं केलं, बेटा." शेवू म्हणाली, "माझा आवाज होता, मीच आणला!"

मग आनशीचा नवरा गलबतावरून परत आला, खालाचा मुलगाही आला, आणि सगळी खारवली सुखात राहिली. आनशीला घोर लागायचा तो लागायचाच, पण आता ती तो धुवायला शिकली होती.

चला, आता पांघरूण गळ्यापर्यंत घ्या. ज्याचा जो देव असेल त्याला मनातल्या मनात हाक मारा आणि डोळे मिटा. आणि सकाळी उठलात की एवढा निरोप आपापल्या आयांना द्या, त्यांनी शेजारणींना द्यावा, शेजारणींनी पुढच्या गावाला. विहिरीच्या काठी लेकरू दिसलं तर लांबून ओरडू नका. गुपचूप जवळ जा आणि हात धरा.