पंधरा पावलांवरचा कठडा

“...पण पावसाआधी तिथं कठडा होता ना, बाबा? एवढंच सांगा. होता की नव्हता?”

विद्याधर टिपणिसांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

धाकूबाबा वाघजाईच्या देवळाच्या पडवीत बसून डोलीच्या चामडी पट्ट्याला तेल चोळत होता. त्याने मान वर केली नाही.

हिरडेमाळावर डोल्या बंद होऊन बारा वर्षं झाली होती. आता राजधानीतून निघालेली मोटार तीन तासांत, चाळीस वळणं घेऊन, थेट बाजारात येऊन उभी राहते. पूर्वी ती घाटाच्या पायथ्याशीच थांबायची. ज्यांना चढवत नसे त्यांना खुर्चीत बसवून माणसं वर आणत. धाकूबाबाने चाळीस वर्षं अशी माणसं वाहिली, मग या पडवीत येऊन बसला. लोक त्याला बाबा म्हणू लागले, तेही त्याला न विचारता.

टिपणिसांची गोष्ट वेगळी. ते राजधानीतले नावाजलेले लेखक. त्यांचं ‘एका दिवसात हिरडेमाळ’ हे खिशात मावणारं पुस्तक गेले दोन उन्हाळे इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिसे. सकाळी तळं, मग बाजार, मग एकामागून एक सात पॉइंट, संध्याकाळी परतीची मोटार. गावकऱ्यांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टी त्या पुस्तकात होत्या. काही तर गावातही नव्हत्या.

एरवी टिपणीस आले की हॉटेलवाले धावत सामोरे येत. आज ते मागच्या गल्लीने देवळात आले होते. खिशात एका बाईचं पत्र होतं; तसं त्यांनी धाकूबाबाला आल्याआल्याच सांगितलं होतं.

“काय लिवलंय बाईनं?” धाकूबाबाने विचारलं.

टिपणिसांना पत्र वाचायचं नव्हतं. तरी त्यांनी वाचलं.

“आपल्या पुस्तकाचे पान एकोणीस मी मोठ्याने वाचत होते आणि हे पुढे चालत होते. धुके फार होते. हात पुढे करून हे कठडा चाचपत गेले. आपण त्या जागी स्वतः उभे राहिला आहात, म्हणून विचारते. माझ्या वाचण्यात काही चूक झाली का? तेवढे कळवावे. इंदुमती चौबळ.”

पत्रात दोषाचा एक शब्द नव्हता. दोष दिला असता तर टिपणिसांना उत्तर लिहिणं सोपं गेलं असतं.

चार उत्तरं त्यांनी लिहून फाडली होती. पाचवं मनात तयार होतं : कठडा होता, पावसात ढासळला असावा, आपली काही चूक नाही, माझीही नाही. फक्त गावातल्या एका जुन्या माणसाने ‘होता’ म्हणायला हवं होतं. एक शब्द. त्या शब्दासाठी ते सकाळच्या पहिल्या मोटारीने घाट चढून आले होते.

“होता म्हणा की, बाबा. त्या बाईलाही बरं वाटेल.”

“आन् पान एकोनीस?”

टिपणिसांना ते पाठ होतं. “शेंदरी धोंड्यापासून सरळ पंधरा पावले गेल्यावर कठडा लागतो. कठड्याला रेलून दरीचे विहंगम दृश्य पाहावे.”

“झ्याक लिवलंय.” धाकूबाबा उठला. “चला. दावा मला.”

“मी? तुम्हाला?”

“तुमीच लिवलंय न्हवं?”

पडवीच्या कोपऱ्यात डोली उभी होती. उंच पाठीची खुर्ची, दोन बाजूंना दोन लांब दांडे, वर कापडी छत. धाकूबाबाने ती ओढून अंगणात आणली.

“ही रिकामी कशाला न्यायची?”

“बारा वर्सांनी भाईर काढली, ती चौबळ मास्तरासाठी. दरीतनं दोर लावून वर घेतला, आन् हिच्यातच बसवून बाजारापत्तोर आनला. बाई मागनं चालत हुती. पुस्तक हातातच हुतं तिच्या.” त्याने खुर्चीवर हात फिरवला. “रिकामी न्हाय ती.”

टिपणिसांनी नजर फिरवली.

धाकूबाबाने पुढचा पट्टा त्यांच्या खांद्यांवर चढवला, टोकं दांड्यांना अडकवली आणि वर एक गाठ मारली. दांडे हातात दिले. स्वतः मागे गेला. मधल्या खुर्चीमुळे तो आता टिपणिसांना दिसेना, आणि त्यालाही पुढचं काही दिसेना.

“आता तू म्होरला. म्होरल्याला आहो-जाहो नसतं. ऐक. मागल्याला वाट दिसत न्हाय, ही खुर्ची आड येती. म्होरला बोलतो, मागला पाय टाकतो. दगूड आला, धोंडा म्हनायचं. चिखूल आला, निसरडं. उतार आला, उतार. आन् काय दिसंनासं झालं तर...”

“तर?”

“आंधळं म्हनायचं. आंधळं म्हनलं की मागला जागच्या जागी थांबतो. पाय उचलल्याला असंल तर उचलूनच हुबा ऱ्हातो. म्होरल्याची दुसरी हाक येस्तवर खाली ठेवत न्हाय.”

“सोपं आहे.”

“लई म्होरले ती हाक देत न्हाईत. लाज वाटती.”

ते निघाले. बाजारातून जाताना दुकानदार बघत राहिले. एवढा मोठा लेखक, आणि गळ्यात डोलीचा पट्टा! टिपणिसांचे कान लाल झाले. तळं मागे पडलं, मग हिरड्यांच्या रानातली तांबडी वाट लागली.

ही वाट मात्र त्यांच्या पायाखालची होती. इथला दगड न् दगड त्यांनी टिपून घेतला होता.

“धोंडा!”

मागची पावलं धोंडा टाळून आली.

“मूळ आहे, डावीकडे! निसरडं! आता उतार!”

म्हातारा एकदाही अडखळला नाही. अर्धा मैल गेल्यावर टिपणिसांना थोडी मजाच वाटू लागली. आपल्या शब्दावर एक माणूस बिनघोर पाय टाकतोय, हे त्यांना आवडलं. खरं तर पहिल्यापासूनच आवडत आलं होतं.

“चांगला म्होरला हायेस,” मागून आवाज आला.

टिपणीस खूश झाले. पत्राचा त्यांना घटकाभर विसर पडला.

मग रान संपलं आणि दरीतून धुकं वर आलं. भरदुपारी हातभर अंतरावरचं दिसेना. वाटेच्या कडेला शेंदूर फासलेला धोंडा तेवढा दिसला, आणि तोही पुसट.

टिपणीस थांबले.

दोन वर्षांपूर्वीही ते इथेच थांबले होते. असंच धुकं होतं. हॉटेलात जेवण वाढून ठेवलेलं होतं आणि परतीची मोटार चुकवून चालणार नव्हतं. आधीच्या सहाही पॉइंटवर कठडा होता. सातव्यावरही असणारच. त्यांनी उभ्याउभ्याच वहीत लिहिलं, पंधरा पावले, आणि मागे फिरले.

“चल,” मागून आवाज आला.

“बाबा, धुकं फार आहे.”

“बाईला पन हुतं. चल. सरळ पंधरा पावलं.”

दांड्यांनी पुढे रेटा दिला. टिपणिसांचा पाय पडला. एक. आणखी एक.

“बोल म्होरल्या. पायाखाली काय हाय?”

टिपणीस बोलेनात. काय बोलणार? पायाखाली ओलं गवत होतं, त्याच्या पुढे काय होतं ते देवाला ठाऊक.

तीन. चार.

“बाबा, थांबा!”

“थांबा ही हाक न्हाय आमच्यात.”

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाच्या अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. टिपणिसांनी दांडे सोडले, तरी खांद्यावरच्या पट्ट्याने त्यांना सोडलं नाही. गाठ हाताला लागेना. पाच. सहा. समोरून गार वारा आला, खालून वर येणारा.

“बाबा, मी इथं आलोच नव्हतो!”

“ही बी हाक न्हाय.”

सात. टिपणीस रडू लागले. “कठडा मी पाहिला नाही हो! मी अंदाजाने लिहिलं!”

“बाईनं वाचलं. मास्तरानं पाय टाकला. मी बी टाकतोय. बोल.”

आठ. टिपणिसांचे हात आपोआप पुढे झाले, हवेत कठडा चाचपू लागले. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. अगदी असेच त्या मास्तरांनी हात पुढे केले असतील.

नऊ.

“आंधळं!” टिपणीस ओरडले. “आंधळं! आंधळं!”

रेटा थांबला.

तो इतका एकदम थांबला की टिपणीस गुडघ्यांवर बसले. समोरच्या धुक्यातून एक दगड गडगडत गेला. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

“कितवं पाऊल?” मागून शांतपणे विचारलं गेलं.

“...नववं.”

“कडा अकराव्याला हाय.”

टिपणिसांनी खिशातून पत्र काढलं. धुक्याने ते ओलं झालं होतं, पण अक्षर फुटलं नव्हतं. स्वच्छ, गोल, सावकाश वाचणाऱ्या माणसाचं अक्षर. या बाईने एक शब्दही चुकीचा वाचला नसणार.

“मी तिला खरं कळवलं तर माझं नाव जाईल, बाबा. पुस्तक जाईल. सगळं जाईल.”

त्यांनी पत्राची पुन्हा घडी घातली.

“आणि कळवून तरी काय? तिचा नवरा काही परत येणार नाही. तो गेला.”

“गेला.”

“मग आता घाई कसली? लिहीन... सवडीने लिहीन.”

टिपणीस पट्ट्यासकट कसेबसे वळले. खुर्चीच्या पलीकडे, धुक्यात, दांडे हातात धरून धाकूबाबा एका पायावर उभा होता. दुसरा पाय जमिनीपासून वीतभर वर, जसा हाकेसरशी थांबला तसाच. त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

“अहो, पाय टेकवा, बाबा! पडाल!”

धाकूबाबाने पाय टेकवला नाही. दुसरी हाक अजून आली नव्हती.

“मी म्हातारा, घटकाभर दम काढीन,” तो म्हणाला. “ती बाई कवाची हुबी हाय.”