आंबलेली रिळं

अमेरिकेत एकदा एक वृद्ध दिग्दर्शक राहत होता. मोठ्या कंपन्यांच्या दारी तो कधी गेला नाही. लोकांची घरं रंगवून पोट भरायचं आणि उरल्या वेळात आपल्या मनासारखे चित्रपट काढायचे, यात त्याचा जन्म गेला. 'स्वतंत्र माणूस' म्हणून सगळे त्याला मान देत.

एक दिवस त्याचा शिष्य केक घेऊन आला. म्हणाला, "गुरुजी, आज तुमचं नाव राखलं. माझा चित्रपट गावोगावच्या थेटरांत लावायला एक व्यापारी तयार होता. अट एकच. शेवटी म्हातारी एकटी राहते ते काढायचं, मुलगा परत येतो असं दाखवायचं. मी तोंडावर नाही म्हटलं."

शाबासकी नाही, काही नाही. वृद्ध उठला, त्याला मागच्या खोलीत घेऊन गेला. एक पत्र्याचा डबा उघडला आणि सरळ त्याच्या नाकाशी धरला. आतली फिल्म आंबली होती. बिघडलेल्या लोणच्यासारखा वास थेट डोक्यात गेला.

"हे काय, गुरुजी?"

"माझा चित्रपट. एक फूटसुद्धा न कापलेला. बघायला कोणी आलं नाही, तू निदान वास तरी घे." वृद्ध म्हणाला, "यात माझ्या शेजारीणबाई आहेत. पैसे नकोत म्हणाल्या, फक्त एकदा स्वतःला थेटरात बघू द्या. मरेपर्यंत विचारत होत्या. मलाही एका व्यापाऱ्याने शेवट कापायला सांगितला होता. नकार मी त्याला दिला, भोगला त्यांनी. अरे, ज्याला कोणी बोलावत नाही, त्यालाच लोक स्वतंत्र म्हणतात. तुझ्या चित्रपटातली म्हातारी कोण?"

"माझी आई."

"तिला विचारलंस?"

"नाही," शिष्य म्हणाला. "मग परत जाऊ व्यापाऱ्याकडे?"

"ते मी कसं सांगू? माझा एक मित्र अट मान्य करून गेला होता. मोठं घर आहे त्याचं. स्वतःचा चित्रपट सुरू झाला की उठून बाहेर जातो. नकाराची किंमत कोणीतरी देतंच, बाबा. कोण देतंय ते आधी बघावं. केक मग आणावा."

शिष्य घरी आला. जेवण वाढताना आईने विचारलं, "थेटरात कधी रे लागणार?"

"लागणार नाही, आई. मुलगा परत येतो असं दाखवा म्हणत होते. मी नाही म्हटलं."

आई त्याच्या ताटात भाजी वाढत म्हणाली, "दाखवायचं होतंस. मला आवडलं असतं बघायला."

शिष्याने आपला नकार मागे घेतला नाही. पण तो पुन्हा कोणाला अभिमानाने सांगितलाही नाही.