कुंकू न लागलेलं यंत्र

"घसा फोडून सांगितलं, पण केरसुणीचं कोण ऐकतंय!" साळू केरसुणी आजही असं म्हणते.

फार मागं एका दूध संघाच्या तळघरात वीस जुने संगणक वीस कामं करायचे. संघानं स्वतःचा क्लाउड उभारला, म्हणजे सगळी कामं एका थोरल्या यंत्रात न्यायची. थोरल्यानं यादी केली, ती खंडेनवमीला कुंकू लागलेल्यांची.

साळू म्हणाली, "अरे बाबा, कपाटामागं एकविसावा आहे. मी रोज त्याच्या पायाशी झाडते. तो सारखा आकडे पुटपुटतो. टाकीतलं दूध त्याच्याच जिवावर थंड राहत असेल तर?"

"कुंकू नाही, म्हणजे तो नाहीच," थोरला हसला. "तू कचरा बघ, मावशी."

जुन्यांची वीज तोडली. कपाटामागचं पुटपुटणं थांबलं आणि तळघर एकदम गप्प झालं.

दुपारी, वीज नसताना, कपाटामागून आवाज आला, "चार अंश... अकरा अंश... एकोणतीस अंश..."

टाकीतलं सगळं दूध नासलं होतं. आवाज काही थांबेना. थोरल्यानं घाईघाईनं चौकशी उरकली आणि दोषी म्हणून एकच नाव लिहिलं: साळू केरसुणी.