आधी हलगी वाजते

एकदा एक शिष्य वृत्तवाहिनीवर बातम्या सांगू लागला. वाणी गुरुजींनी घडवलेली, चेहरा प्रसन्न; वर्षभरातच तो घरोघरी पोहोचला. सुटीत गावी आला, तेव्हा गावाने हौसेने चावडीवर पडदा लावून आपल्या पोराचे आदल्या रात्रीचे बातमीपत्र पाहायचे ठरवले. वृद्ध गुरुजी पुढेच बसले, आणि मांडीवर दवंडीची हलगी!

बाजारभाव झाले, अपघाताची बातमी झाली. मग पडद्यावर तालुक्याची नवी पाणीयोजना झळकली. नितळ धार, हसऱ्या बायका आणि शिष्याचा गोड आवाज, "आता घरोघरी शुद्ध पाणी!" तोच गुरुजींनी हलगी बडवायला सुरुवात केली. बातमी संपेपर्यंत थांबलेच नाहीत. पोरे नाचू लागली, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शिष्य बिचारा लाजून लाल झाला.

"गुरुजी, माझं काही चुकलं का?"

"ही चित्रफीत कुणी काढली?"

"पाणीखात्यानं. मजकुरासकट तयारच आली. मी नुसता वाचला. सगळेच वाचतात."

"वाटलंच. हसणारे पुष्कळ दिसले, प्रश्न विचारणारा एकही दिसेना."

तेवढ्यात गोदूआजी पुढे सरसावल्या. "आरं, काल रातच्याला बातम्यांत तू सांगितलंस म्हणून मी आज पाणी उकळलंच न्हाई! खात्याचा माणूस सांगून दमला, त्याचं ऐकलं न्हवतं. म्हटलं, आपलं पोरगं बघून आलं असंल."

शिष्याचे तोंड उतरले. पाण्याची टाकी त्याने लांबूनही पाहिली नव्हती.

गुरुजी हसून म्हणाले, "बाळ, सरकारनं बोलू नये असं कोण म्हणतो? गावात दवंडी पिढ्यान्पिढ्या पिटली जाते. पण आधी हलगी वाजते. शब्द वरून आला आहे, हे लोकांना कळतं. मग ज्यानं त्यानं तो आपल्या अकलेनं पारखावा. तू हलगी काढून घेतलीस आणि तिच्या जागी स्वतःचा चेहरा ठेवलास. मी ती परत ठेवली, इतकंच."

पुढच्या आठवड्यात तीच योजना पुन्हा बातम्यांत आली. वरिष्ठ रागावतील हे ठाऊक असूनही शिष्य आधी म्हणाला, "ही चित्रफीत पाणीखात्याने तयार करून पाठवली आहे. हे पाणी आम्ही तपासलेले नाही."

गुरुजींची हलगी खुंटीलाच होती.

"वाजली गं बाई!" म्हणत गोदूआजी उठल्या आणि चुलीवरच्या पाण्याला त्यांनी आणखी एक उकळी येऊ दिली.